वाचक विचारतात : गोळी लागली, तर हरीण पळालं कसं?

गेल्या अंकात मी गोठ्यात शिरलेल्या बिबट्याबद्दल लिहिलं, आणि पत्रं आली ती बंदुकीची. त्यातल्या एकाने खोचकपणे विचारलंय, "गुरांच्या डॉक्टरला बंदुकीतलं काय कळतं?" खरं सांगायचं तर फारसं कळत नाही. मात्र गोळी जिथे जाऊन थांबते ती जागा मी ३१ वर्षं बघत आलोय. वनखात्याचा पंचनामा असला की रानातलं जनावर शवविच्छेदनाला आमच्याकडेच यायचं. टेबल वगैरे नसायचं. दवाखान्यामागच्या फणसाखाली ताडपत्री अंथरायची आणि कंपाउंडरने माश्या हाकायच्या. भेकरं, एक पिसोरी (सशाएवढं छोटं हरीण), दोन सांबरं, रानडुकरं किती ते मोजली नाहीत. बंदूक कुणाची होती ते बहुतेक वेळा कळायचं नाही. गोळीने आत काय केलं ते मात्र स्पष्ट दिसायचं.

"डॉक्टरसाहेब, मी राजापूर तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. मुलगा अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात असतो. तिथे परवाना काढून हरणाची शिकार करता येते. नाताळ झाला की फक्त ठासणीच्या (दारू-गोळी नळीच्या तोंडाकडून ठासायच्या), त्याही चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीवर उडणाऱ्या) बंदुकांचा वेगळा हंगाम असतो म्हणे. मुलाने अर्ध्या इंची नळीची तशी बंदूक घेतली. या जानेवारीत त्याने सत्तर पावलांवरून नर हरणाला बार घातला. हरीण उडी मारून पळालं. बर्फावर रक्त जवळजवळ नाहीच. चुकली असं समजून तो परत फिरणार होता, तेवढ्यात सोबतच्या म्हाताऱ्या शेजाऱ्याला ते शंभरेक पावलांवर झुडपात मेलेलं सापडलं. गोळी पलीकडच्या कातडीखाली चपटी होऊन बसली होती. मुलगा म्हणतो, गोल गोळी दुबळी आहे, पुढच्या वर्षी लांब टोकाची वापरतो. माझे आजोबा ठासणीच्या बंदुकीने डुक्कर जागच्या जागी लोळवत, असं आम्ही ऐकत आलो. मग खरं काय? बंदुकीचा फोटो जोडलाय, नळीवर १-६६ असं कोरलेलं आहे."

गुरुजी, तुमच्या मुलाच्या गोळीने तिचं काम पुरं केलं. ती दुबळी असती तर हरीण सापडलंच नसतं.

गोळी जनावराला ढकलून पाडते ही आपली समजूत सिनेमातून आलेली आहे. बार उडाला तेव्हा मुलाच्या खांद्याला जेवढा धक्का बसला, त्याहून जास्त ढकल हरणाला बसूच शकत नाही, हे तुम्ही सातवीला शिकवलं असेल. गोळी आत भोक पाडते. भोक फुप्फुसातून किंवा काळजातून गेलं की रक्ताचा दाब उतरतो आणि मेंदूला रक्त पोचेनासं होतं. पण मेंदूत आणि स्नायूंत जो प्राणवायू आधीच असतो तो दहा-पंधरा सेकंद पुरतो. घाबरलेलं हरीण सेकंदाला दहा मीटर सहज धावतं. आता गणित तुम्हीच करा. शंभर पावलांवर पडलेलं तुमचं हरीण चांगल्या जागी गोळी लागलेलंच होतं. जागच्या जागी कोसळतं ते मेंदू किंवा मणका फुटलेलं. तुमच्या आजोबांनी तशी काही डुकरं लोळवली असतीलही. जी लोळली नाहीत त्यांच्या गोष्टी कोण सांगणार?

रक्त का नव्हतं? गोळी बरगड्यांच्या वरच्या बाजूला लागून आत राहिली असणार. छातीची पोकळी म्हणजे हंडा समजा. हंड्याला गळ्याजवळ भोक असेल तर पाणी तिथवर चढेपर्यंत थेंबही बाहेर येत नाही. शिवाय धावताना कातडी बरगडीवर सरकते आणि भोकावर पडद्यासारखी येते, वर हिवाळ्यातले दाट केस रक्त शोषून घेतात. मी उघडलेल्या एका भेकराच्या छातीत तांब्याभर रक्त साकळलेलं होतं आणि बाहेर चिमूटभर डाग. गोळी आरपार गेली असती, तीही जरा खालून, तर बर्फावर चांगली रेघ उमटली असती.

आता गोळीच्या आकाराचं. अर्ध्या इंची नळीची गोल शिशाची गोळी साधारण साडेअकरा ग्रॅमची. गोलाचं वजन व्यासाच्या घनात वाढतं, म्हणून नळी थोडी रुंद झाली तरी फरक मोठा पडतो. ०.३६ इंची नळीची गोळी जेमतेम चार ग्रॅम, ती सशापुरतीच. आपल्याकडे सगळे 'बारा बोअर' म्हणतात, त्याचा अर्थही इथेच आहे. नळीत नेमक्या बसणाऱ्या बारा गोळ्या मिळून एक पौंड शिसं. म्हणजे एक गोळी जवळजवळ अडतीस ग्रॅमची. बोअरचा आकडा चढला की नळी अरुंद होते ती त्यामुळे. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती.

गोल गोळीची खरी खोड हवेत दिसते. चेंडूसारखी असल्याने ती वेग फार लवकर घालवते. नळीतून सेकंदाला साडेपाचशे मीटरने निघालेली गोळी शंभर यार्डांवर सव्वातीनशेच्या आसपास येते. म्हणून ठासणीवाला जवळ जातो. मुलाचं सत्तर पावलांचं अंतर ठीक होतं, सव्वाशे पावलांना मी नको म्हणेन. जवळून मात्र मऊ शिशाची गोळी मांसात शिरली की पुढून पसरत जाते आणि रुपयाच्या नाण्याहून जराशी लहान अशी चकती होते. मुलाला पलीकडच्या कातडीखाली मिळाली ती हीच. पसरली म्हणून भोक रुंद झालं, आणि पसरली म्हणूनच ती अडली. दोन्ही एकदम मिळत नाही.

शिसं मऊच हवं. त्यात अँटिमनी हा धातू मिसळून कडक केलेलं असेल तर गोळी पसरत नाही, सळसळीत आरपार जाते आणि अरुंद भोक ठेवते. भंगारातून आणलेलं शिसं बहुधा असलं मिसळीचं असतं.

आता लांब गोळी. तुमच्या फोटोतलं १-६६ मी भिंग लावून वाचलं. नळीच्या आतले आटे गोळीला फिरकी देतात. ६६ इंच पुढे जाईपर्यंत एक पूर्ण फेरा, असा त्याचा अर्थ. ही फिरकी मंद आहे आणि ती गोल गोळीसाठीच ठेवलेली असते. बुटका, जाड भोवरा हळू फिरला तरी उभा राहतो, उंच भोवऱ्याला जाळी जोरात ओढावी लागते. लांब गोळीच्या बंदुकांना २८ इंचांत एक फेरा असे घट्ट आटे असतात. मुलाने या नळीतून लांब गोळी उडवली तर ती वाटेत डोलेल आणि कागदावर गोल भोकाऐवजी आडवी चीर पाडेल. त्याला सांगा, गोळी बदलायची तर नळी बदलावी लागेल. नाहीतर चिंधीत गुंडाळलेली गोल गोळीच बरी, फक्त मऊ शिशाची आणि जवळून.

(लांब गोळीही ठासणीतलीच आहे बरं का. १८५७ ला ज्या चरबीच्या काडतुसांवरून भडका उडाला ती १८५३ च्या एनफिल्डची, आणि ती बंदूक तोंडाकडून ठासायचीच होती. शिपायाने कागद दातांनी फाडायचा, दारू नळीत ओतायची, मग गोळी.)

चकमकीची आणखी एक गंमत असते. चाप ओढला की घोडा पडतो, ठिणगी बाहेरच्या वाटीतल्या दारूवर पडते, तिथून छिद्रातून आतल्या दारूला आग लागते, आणि मग बार. या सगळ्यात डोळ्यांना कळेल एवढा वेळ जातो. नवखा माणूस 'फस्स' ऐकताच मान वर करतो आणि नळी हलते. हरीणही तेवढ्यात दचकतं. गोळी वर लागली त्याचं कारण गोळीत नसून इथे असावं असं मला वाटतं, पण हे हजारो कोसांवरून केलेलं निदान आहे.

मुलाला एवढं मात्र पक्कं सांगा. बार काढल्यावर हरीण ज्या जागी उभं होतं ती जागा डोळ्यांत धरायची, अर्धा तास थांबायचं, मग तिथे जाऊन वाकून बघायचं. कापलेले केस मिळतात. फेसाळ गुलाबी रक्त फुप्फुसाचं, काळपट लाल कलेजीचं. हिरवट, आंबूस वासाचं काही दिसलं तर गोळी पोटात लागलीय. तेव्हा कित्येक तास मागे जायचं नाही, नाहीतर बसलेलं जनावर उठून मैलभर जातं आणि दोन दिवस तडफडतं. रक्त दिसलं नाही म्हणून 'चुकली' असं कधीच म्हणायचं नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९६६ सालचा ऑक्टोबर, मी अकरा वर्षांचा. आमचं भात लोंबीवर आलेलं, वडील राखणीला मांगरात झोपत. त्यांच्याकडे शेतराखणीच्या परवान्याची ठासणीची होती आणि हरणाला हात लावायचा नाही हा १९७२ चा कायदा तेव्हा व्हायचा होता. पहाटे मेरेवर, म्हणजे शेताच्या बांधावर, भेकर आलं. वडिलांनी केप (घोडा आपटला की ठिणगी देणारी छोटी टोपी) चढवली, बार काढला. धुरात काही दिसेना, आणि धूर विरला तेव्हा मेर रिकामी. वडील थोडं पुढे गेले, कंदील धरला, म्हणाले, "बार फुकट गेलो. चल घराक." तिसऱ्या दिवशी आमचा कुत्रा ओहोळापलीकडच्या करवंदीच्या जाळीतून भेकराचा पाय घेऊन आला. शेतापासून ते पडलेलं ठिकाण मी पावलांनी मोजलं होतं : एकशे चाळीस. वडील त्यावर काहीच बोलले नाहीत. पुढे मी कॉलेजात फुप्फुसाची आकृती काढताना मला ओहोळ ओलांडायला लागणारा वेळ आठवायचा.

"काका, आमचे आजोबा गेल्या पावसाळ्यात वारले. संगमेश्वरजवळच्या घरी त्यांची ठासणीची बंदूक ओटीवर खुंटीला आहे. परवाना त्यांच्या नावाचा. चुलते म्हणतात, जुनं लोखंड आहे, गंज काढून दिवाणखान्यात शोभेला लावू. चालेल का?"

नाही चालणार, मुली. आणि कायद्याच्या आधी दुसरी गोष्ट. ती बंदूक भरलेली नाही ना?

हसू नकोस. राखणीची बंदूक रात्री भरून ठेवत, बार काढायची वेळ आली नाही तर तशीच खुंटीला टांगत. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक, साधारण ७५, १५ आणि १० टक्के. तिला कोरडी ठेवली तर वय नसतं. अमेरिकेत २००८ साली यादवी युद्धातला, म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीचा, तोफगोळा साफ करताना एक संग्राहक ठार झाला. त्यामुळे चुलत्यांना सांग, नळीला हात लावायचा नाही, घासायचं नाही, आणि गंज जाळायला चुलीत तर मुळीच घालायची नाही. असली कल्पना एका गावात मी स्वतःच्या कानांनी ऐकली आहे. घोड्याखाली केप चिकटलेली असेल तर ती नखाने काढू नका. जाणकार माणूस लाकडी गज नळीत सोडून तोंडाशी खूण करतो आणि तोच गज बाहेरून नळीला लावून बघतो. चार बोटं कमी पडली तर आत बार आहे. हे काम त्यालाच करू दे.

आता कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ठासणीच्या बंदुकीचा खास उल्लेख आहे, खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी. पण परवाना माणसाचा असतो, घराचा नसतो. तो आजोबांबरोबर संपला. बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या आणि ती पावती रेशनकार्डासारखी जपा. घरात ठेवायचीच असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाला अर्ज करता येतो. खरं तर आजोबा हयात असतानाच हे करता आलं असतं. परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगलं की तो हयातीतच वारसाच्या नावे करण्याची सोय त्या नियमांत आहे. ज्यांच्या घरी आजोबा अजून अंगणात बसून सुपारी कातरताहेत त्यांनी हे वाचून ठेवावं. आपल्याकडे बंदुकीची आठवण निवडणूक आली की होते, कारण तेव्हा ती ठाण्यात जमा करावी लागते. आणि नेमकी तेव्हाच माकडं शहाळी पाडतात, ही तक्रार मीही केलेली आहे.

"डॉक्टर, आमच्याकडे अधूनमधून 'रानचं मटण' येतं. शिशाची गोळी लागलेलं मांस खाल्लं तर बाधतं का? नाव छापू नका."

नाव छापत नाही, तुम्ही लिहिलेलंही नाही. आधी हे घ्या : भेकर असो, सांबर असो की पिसोरी, आपल्या देशात त्यांची शिकार गुन्हा आहे, आणि ते मांस ज्याच्या टोपात शिजतं तोही सुटत नाही. पिकात शिरणाऱ्या रानडुकराबाबत वनखात्याची लेखी परवानगी मिळू शकते. शेजाऱ्याने शपथ घेऊन सांगणं म्हणजे परवानगी नव्हे.

शिशाचं म्हणाल तर ते बाधतं, आणि लहान मुलांना व गरोदर बाईला जास्त. गोळीचे कण डोळ्यांना दिसत नाहीत, भोकापासून वीतभर लांबच्या मांसातही जातात. जिथे हरणाचं मांस राजरोस खातात त्या अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या खात्याने २००८ साली मेंढ्यांच्या धडांवर निरनिराळ्या गोळ्या झाडून क्ष-किरणांखाली कण मोजले. मेंढी घेतली कारण अंगाने ती तिथल्या हरणाएवढी. वेगवान रायफलीच्या पटकन फुटणाऱ्या गोळ्यांनी सगळ्यात जास्त चुरा केला, ठासणीच्या मंद, जड गोळ्यांनी पुष्कळ कमी. कमी म्हणजे काहीच नाही असं नव्हे. शिवाय आपल्याकडे एक गोळी क्वचितच असते, छर्रे असतात, आणि एखादा छर्रा खिम्यातून थेट दाढेखाली येतो. ते मटण परत करा.

"ठासणीच्या बंदुकीत छर्रे संपले तर खिळे, खडे किंवा पागाची (मासे धरायच्या जाळ्याची) शिसं भरली तर चालतं का? वांदरांनी कलमाची मोहोराची डहाळी ठेवली नाही. – एक आंबा बागायतदार, देवगड"

तुमचा राग मला समजतो, माझ्याही दारात दोन कलमं आहेत. पण उत्तर नाही असंच आहे. खिळा नळीत आडवा होऊन अडकला तर मागचा दाब जायला जागा शोधतो, आणि ती जागा तुमच्या डाव्या हाताशी असते. बारा बोअरच्या काडतुसातली दारू काढून ठासणीत ओतणाऱ्यांना तर मी हात जोडतो. ती धूर न करणारी दारू. काळ्या दारूच्या मापाने ती भरली तर नळी केळीसारखी सोलली जाते.

पागाच्या शिशाबद्दल माझ्याकडे स्वतंत्र अनुभव आहे. किनाऱ्यावरच्या एका गावात लंगडणारा बैल दाखवायला आणला. मालक म्हणाला, काटा रुतलाय. फऱ्याखालची गाठ चिरली तर आत पागाचं शिसं, दोरी ओवायच्या भोकासकट. डुकराच्या हाक्यात कुणीतरी अंधारात पाल्याच्या हालचालीवर बार टाकलेला. त्या बाजूला बैल होता हे नशीब, कारण मालक दावं धरून त्याच्या दोन हात मागे उभा होता. असल्या ओबडधोबड तुकड्याला ना नेम ना फिरकी, तो कुठे जाईल ते बार काढणाऱ्याला माहीत नसतं. पाल्यामागे काय आहे हेही माहीत नसतं.

वांदरही वन्यजीवच आहे, त्याच्यावर नुसता आवाजाचा बार काढायचा तर छर्ऱ्यांची गरजच काय? नुकसानीचा पंचनामा मोहोर गळायच्या आत करून घ्या, फोटो तारखेसकट ठेवा. आणि पागाची शिसं पागालाच राहू द्या. देवगडात मासळी महाग झालीय असं ऐकतो.